शिडाची बेतणी

मागावरून उतरलेले कापड सपाट असते. त्याला लांबी असते, पन्हा असतो. पण उंचवटा नसतो आणि खोली नसते. माणसाला मात्र कापडाकडून अनेकदा नेमकी तीच गोष्ट हवी असते. अंगरख्याला खांद्याचा गोलावा हवा असतो, तंबूला उतार हवा असतो आणि शिडाला वारा धरण्यापुरता पोकळपणा हवा असतो. सपाटातून गोलावा काढण्याचा उपाय एकच आहे. तो म्हणजे कापडाचे तुकडे करणे, त्यांच्या कडा किंचित वाकड्या कातरणे आणि त्या वाकड्या कडा पुन्हा एकमेकींना सरळ जोडणे. शिंप्याची सारी विद्या या एका वाक्यात सामावते. आणि शिडे शिवणाऱ्या कारागिराची विद्याही याहून निराळी नाही. भेद इतकाच की शिंप्याची चूक अंगावर दिसते आणि शीड शिवणाऱ्याची चूक समुद्रावर, अवघड प्रसंगी, उघडी पडते.

ही विद्या समजून घेण्यासाठी समुद्रकाठीच जावे लागते असे नाही. जयपूरहून अजमेरच्या वाटेवर सुमारे तीस किलोमीटर अंतरावर बगरू नावाचे गाव आहे. लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्या छीपा कारागिरांचे गाव म्हणून त्याची ख्याती आहे. समुद्र तेथून शेकडो कोस दूर. परंतु बगरूचे छापील कापड ज्या घागऱ्यांसाठी पिढ्यान् पिढ्या वापरले गेले, तो कळीदार घागरा पाहिला म्हणजे शिडाचे अर्धे गणित उलगडते. घागऱ्याची प्रत्येक कळी कमरेशी अरुंद आणि घेराशी रुंद कातरलेली असते. एक कळी जमिनीवर पसरली तर ती अगदी सपाट असते. अशा वीस-पंचवीस कळ्या जोडल्या की त्यांतून कमरेशी आवळलेला आणि पायाशी उमलणारा घेर आपोआप उभा राहतो. राजस्थानात तर ऐंशी कळ्यांच्या घागऱ्याची ख्याती आहे. घेर कापडात नसतो, तो कळ्यांच्या तिरप्या कडांत असतो. शिडातही वाऱ्याची पोकळी कापडात नसून पट्ट्यांच्या कडांत असते. घागरा आणि शीड यांतील साम्य येथे संपते, कारण घागरा किती फुलावा ही आवडीची बाब आहे. शीड किती फुगावे हे मात्र वाऱ्याच्या नियमांनी ठरते.

वारा पाठीमागून येत असेल तर शिडाचे काम सोपे असते. वाऱ्याच्या वाटेत आडवे उभे राहायचे आणि त्याचा धक्का घ्यायचा. अशा वेळी शीड थोडे अधिक पोकळ असले काय किंवा कमी असले काय, फारसे बिघडत नाही. पण वारा जेव्हा बाजूने किंवा तिरपा समोरून येतो तेव्हा शीड केवळ वारा अडवीत नाही, तर त्याला वळविते. वारा पुढच्या काठावरून शिडाच्या अंगावर येतो, त्याच्या गोलाव्याबरोबर वळतो आणि मागच्या काठावरून निघून जातो. वाऱ्याला वळवताना शीड त्याला एका बाजूस रेटते आणि वारा शिडाला उलट बाजूस रेटतो. हा रेटा काही अंशी पुढे आणि बराचसा आडवा असतो. नावेचा तळ पाण्यात खोल असल्याने तिला आडवे सरकणे कठीण जाते. म्हणून ती पुढे सटकते. आंब्याची ओली कोय दोन बोटांच्या चिमटीत दाबली की ती पुढे निसटते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. एका बाजूने वारा व दुसऱ्या बाजूने पाणी अशी ती चिमट असते.

कोकणच्या किनाऱ्याला या तिरप्या वाऱ्याचे महत्त्व फार. पावसाळा सरल्यावर पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. पहाटेच्या वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारच्या वाऱ्यावर परतायचे, हा किनाऱ्यावरच्या नावांचा जुना परिपाठ. परंतु किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे जायचे झाले की वारा बहुधा आडवा किंवा तिरपा समोर येतो. शिवाय समुद्रावरून जमिनीकडे वाहणारा जोराचा वारा नावेला सतत खडकांकडे ढकलीत असतो. त्या वेळी वाऱ्याच्या तोंडाकडे थोडे तरी चढून जाता आले नाही, तर नाव किनाऱ्यावर आदळते. शीड नीट बेतलेले असणे म्हणजे काय, याची कसोटी येथे लागते. पोकळपणा वाजवीपेक्षा जास्त झालेले शीड पाठच्या वाऱ्यात उत्तम दिसेल. पण वाऱ्याच्या तोंडाकडे चढताना ते नावेला पुढे न नेता आडवी पाडील. नाखव्याचे कौशल्य कितीही मोठे असले तरी चुकीच्या कातरीची भरपाई त्याला पूर्णपणे करता येत नाही.

या कारणामुळेच पश्चिम किनाऱ्यावर तिरप्या परबाणाला बांधलेले त्रिकोणी शीड रूढ झाले. परबाण म्हणजे डोलकाठीवर तिरपी चढविलेली लांब काठी. शिडाचा पुढचा काठ तिला बांधलेला असतो. मागचा व खालचा काठ मोकळा असतो. आणि मागच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेल्या दोराने शीड ताणून धरतात. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने मराठ्यांच्या आरमारातील गलबतांचे वर्णन केले आहे. गलबताच्या मुख्य डोलकाठीवर एकच, पण फार मोठे त्रिकोणी शीड असे आणि ते चढविले म्हणजे त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई, असे तो सांगतो. वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा असला तर हे एक शीडच नावेचे सारे बळ होते.

आता कापडाकडे वळू. कापडात उभे धागे असतात ते ताण्याचे आणि आडवे असतात ते बाण्याचे. ताण्याच्या दिशेने कापड ओढले तर ते थोडेच ताणते. बाण्याच्या दिशेनेही तसेच. पण त्याच कापडाचे समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरके ओढले तर ते रबरासारखे लांबते, कारण आता धागे लांबत नसून त्यांच्यातील चौकोन मुडपत असतात. या तिरक्या दिशेला शिंपी उरेब म्हणतात. गळ्याची पट्टी उरेब कातरली की ती वळणावर छान बसते, हे प्रत्येक शिंप्याला ठाऊक असते. शिंप्याला जो गुण वाटतो तोच शीड शिवणाऱ्याला धोका वाटतो. ज्या रेषेवर ओढ सर्वांत मोठी, त्या रेषेवर कापड उरेब येता कामा नये, हा शिडाच्या बेतणीचा पहिला नियम होय.

त्रिकोणी शिडात सर्वांत मोठी ओढ मागच्या मोकळ्या काठावर असते. खालून दोर ओढतो, वरून परबाणाचे टोक धरून ठेवते आणि मधला काठ नुसत्या कापडाच्या बळावर उभा असतो. म्हणून जुने कारागीर कापडाचे पट्टे त्या काठाला समांतर लावीत. मग ताण्याचे धागे काठाबरोबर धावतात आणि काठ लांबत नाही. मात्र याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. त्रिकोणाचे तिन्ही काठ धाग्याच्या सरळ रेषेत बसविणे भूमितीने शक्यच नाही. मागचा काठ सरळ धाग्यावर घेतला की परबाणाकडचा काठ उरेब कातरला जातो. म्हणून त्या काठाला जाड दोर शिवून त्याला बळ द्यावे लागते. दोर शिवतानाही कापड दोराबरोबर ताणून चालत नाही. ते अगदी थोडे सैल सोडीत जावे लागते. कारण नवा दोर ओढीखाली लांबतो आणि कापड आधीच ताणलेले असेल तर सगळा भार दोराऐवजी कापडावर येतो. किती सैल सोडायचे याला फूटपट्टी नव्हती. ते हाताला कळत असे.

पट्टे का लागतात, याचे एक उघड कारण मागाच्या रुंदीत आहे. हातमागाचा पन्हा माणसाच्या हाताच्या पल्ल्याहून फार मोठा होत नाही. इंग्रजी आरमाराच्या शिडांचे कापडही सुमारे दोन फूट पन्ह्याचे असे. परंतु मागाची ही मर्यादा दूर झाली, रुंद कापड मिळू लागले, तरीही पट्टे गेले नाहीत. कारण पट्ट्यांची खरी गरज पोकळी निर्माण करण्यासाठी आहे. एकसंध चादर कितीही मोठी असली तरी ती सपाटच राहते.

ही पोकळी किती असावी? पुढच्या काठापासून मागच्या काठापर्यंतची सरळ रुंदी ३ मीटर धरली आणि तिच्या दशांशाइतकी, म्हणजे ३० सेंटिमीटर, खोली हवी असली, तर कापडाची वक्र लांबी सरळ रुंदीपेक्षा किती जास्त लागेल? उत्तर चकित करणारे आहे: केवळ ८ सेंटिमीटर. तीन मीटरांत आठ सेंटिमीटर कापड जास्त ठेवले की जवळजवळ हातभर खोलीचा कोश तयार होतो. हे आठाऐवजी चारच सेंटिमीटर ठेवले गेले तर खोली ३० वरून २१ सेंटिमीटरवर येते. उलट, नीट बेतलेले कापड वाऱ्याच्या ओढीने शेकडा एक इतके जरी लांबले, तरी खोली ३० वरून ३५ सेंटिमीटरांवर जाते. आणि पोकळी मुळीच न ठेवता शिवलेले सपाट शीड शेकडा एक लांबले, तर त्यात १८ सेंटिमीटरांचा फुगवटा आपोआप येतो. कारागिराच्या हाती असते ती बोटभर कापडाची बाब. वाऱ्यापुढे तिचा परिणाम वीतभर होतो. शिडाच्या कातरीला इतकी सावधगिरी का लागते आणि कापड न ताणणारे असावे यासाठी इतका अट्टाहास का, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

हे जास्तीचे कापड शिडात आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला काठाचा. परबाणाला जो काठ बांधायचा तो सरळ न कातरता किंचित बाहेर फुगीर कातरायचा. असा फुगीर काठ सरळ काठीला बांधला की बाहेरचे जास्तीचे कापड आत ढकलले जाते आणि पुढच्या भागात पोकळी येते. हा मार्ग सोपा आहे; पण त्याने येणारी पोकळी काठाजवळच साचण्याचा संभव असतो. दुसरा मार्ग शिवणीचा, आणि कारागिराची परीक्षा त्यातच आहे. दोन पट्टे जोडताना त्यांच्या कडा एकमेकींवर चढवितात. समजा, शिडाच्या मध्यभागी हा चढाव २ सेंटिमीटर आहे. शिवण काठाकडे जाऊ लागली की तो हळूहळू वाढवीत न्यायचा आणि अगदी टोकाशी साडेतीन सेंटिमीटर करायचा. एका शिवणीत दीड सेंटिमीटर कापड गडप झाले. अशा दहा शिवणी असतील तर काठाजवळून पंधरा सेंटिमीटर कापड नाहीसे झाले. मध्यभाग मात्र जसाच्या तसा राहिला. काठ आखूड आणि मध्य लांब, अशा स्थितीत कापडाला सपाट पडून राहणे अशक्य होते व ते मधोमध फुगते. घागऱ्याच्या कळीचेच हे तत्त्व. फक्त तेथे कळी उघडपणे तिरपी कातरतात आणि येथे तिरपेपणा शिवणीच्या पोटात लपवितात.

चढाव कोठून वाढवायचा हेही तितकेच महत्त्वाचे. सर्वांत खोल जागा पुढच्या काठापासून साधारण दोनपंचमांश अंतरावर यावी आणि मागचा तृतीयांश भाग जवळजवळ सपाट असावा, म्हणजे वारा सहज निसटून जातो. खोली मागे सरकली तर मागचा काठ आत वळतो, वाऱ्याला अडवितो आणि नाव कलते. सौम्य वाऱ्यासाठी शीड थोडे खोल हवे. जोराच्या वाऱ्यासाठी उथळ हवे. म्हणून अरबी समुद्रातील मोठ्या नौकांवर ऋतुमानाप्रमाणे लहानमोठी निरनिराळी शिडे बाळगीत.

वाऱ्याच्या जोराचाही हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ६ किलो वजनाइतका दाब देतो. ३० चौरस मीटरांच्या मध्यम शिडावर तो सुमारे १८० किलो झाला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे त्याच शिडावर ७२० किलोंचा भार येतो. हा सगळा भार शेवटी तीन कोपऱ्यांत जाऊन एकवटतो. म्हणूनच कोपऱ्यांवर कापडाचे एकावर एक थर शिवतात, प्रत्येक थर खालच्यापेक्षा लहान ठेवतात आणि त्यांतून दोरासाठी कडी बसवितात. थरांच्या कडा एकाच रेषेवर येऊ देत नाहीत. आल्या तर कापड नेमके त्या रेषेवर फाटते.

शिवणकामाची हत्यारे मोजकीच होती. तीनधारी टोकाची जाड सुई, मेण लावलेला सुती किंवा तागाचा पीळदार दोरा आणि तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा. या पट्ट्यात अंगठ्याच्या बुडाशी धातूची खडबडीत चकती असे. सुई बोटांनी नव्हे, तर तळहाताच्या सगळ्या जोराने तीवरून रेटावी लागे. एका कडेवर एक शिवण आणि उलटून दुसऱ्या कडेवर दुसरी, अशा दोन ओळी प्रत्येक जोडाला घालीत. ३० चौरस मीटरांच्या शिडाला दोन फुटी पन्ह्याचे पन्नास मीटर कापड लागते. इंचाला तीन टाके धरले तर दोन्ही ओळींचे मिळून बारा हजारांच्या आसपास टाके होतात. आणि यांपैकी प्रत्येक टाका सारख्याच ओढीचा हवा. एक सैल आणि एक आवळ अशी शिवण झाली तर भार आवळ टाक्यांवर येतो, ते एकेक करून तुटतात आणि शीड जोडावर उसवत जाते. अरबी समुद्राच्या किनाऱ्यांवर शिडाची आखणी वाळूवर होत असे. खुंट्या रोवून दोरीने तिन्ही काठ आखायचे, त्या आखणीवर पट्टे अंथरायचे आणि फुगवट्याचा अंदाज डोळ्याने घ्यायचा. कागदावर आराखडा नव्हता. वाळूवरची रेघ भरतीबरोबर पुसली जाई. मागे राही ते शीड आणि ते शिवणाऱ्याची आठवण.

कापड पसंत करण्यातही जाणतेपणा लागे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर शिडे सुती असत. मुंबईच्या डोंगरी भागावरून ज्याला नाव मिळाले ते जाडेभरडे डंगरी कापड परदेशी खलाश्यांच्या अंगावर तर गेलेच. शिडांसाठी आणि तंबूंसाठीही त्याचा उपयोग झाला. युरोपात शिडे मुख्यतः तागासारख्या जवसाच्या धाग्याची असत. १८५१ साली इंग्लंडच्या वाइट बेटाभोवती झालेल्या शर्यतीत ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने इंग्रज नौकांना मागे टाकले. त्या विजयात यंत्रावर घट्ट विणलेल्या सुती शिडांचा मोठा वाटा मानला जातो. इंग्रजी नौकांची जवसाची शिडे सैल पडून पोकळ होत, आणि धागे फुगून विणीची छिद्रे बुजावीत म्हणून खलाशी ती पाण्याने भिजवीत. अमेरिकन शिडे सपाट राहिली आणि नौका वाऱ्याच्या तोंडाकडे अधिक चढली. मागावरची वीण किती घट्ट, यावर समुद्रावरची शर्यत ठरली.

सुताचा मोठा शत्रू म्हणजे कुज. खारे पाणी, दमट हवा आणि गुंडाळून ठेवलेले ओले शीड एवढे जमले की काही आठवड्यांत कापडावर काळे ठिपके पडतात आणि धागा मरतो. यावर उपाय म्हणून जगभरच्या खलाश्यांनी झाडांच्या साली आणि कात यांच्या काढ्यात शिडे व जाळी बुडविली. सालीतील तुरट द्रव्य धाग्यात मुरते आणि कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना दूर ठेवते. कोकणात जाळ्यांना ऐनाच्या सालीचा रंग देत असत. येथे बगरूचा धागा पुन्हा जुळतो. बगरूचे छीपा कापड छापण्यापूर्वी ते हरड्याच्या पाण्यात बुडवितात. हरड्यातील तुरट द्रव्यामुळे तुरटीचा तांबडा आणि लोखंड व गूळ आंबवून केलेला काळा हे रंग धाग्याला पक्के धरतात. ऐन आणि हरडा ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातील, किंबहुना एकाच प्रजातीतील झाडे आहेत. मरुभूमीच्या कडेवरचा रंगारी आणि समुद्रकाठचा कोळी यांची गाठ कधी पडली नसेल; परंतु कापडाला टिकाऊपणा देण्यासाठी दोघांनी एकाच जातीच्या झाडाकडे हात पसरला. एकाला रंग टिकवायचा होता, दुसऱ्याला धागा.

विसाव्या शतकाच्या मध्यास हे चित्र पालटले. १९५० नंतर पॉलिएस्टरचे शीडकापड आले. ते कुजत नाही, पाणी पीत नाही आणि फार कमी ताणते. सुती शीड नवे असताना सौम्य वाऱ्यात हळूहळू ताणून घ्यावे लागे, भिजले तर दोर सैल सोडावे लागत. ती सगळी निगराणी अनावश्यक झाली. पुढे याहूनही न ताणणारे कृत्रिम तंतू आले. आता शिडाचा आकार संगणकावर ठरतो, प्रत्येक पट्ट्याची वक्र कडा यंत्र कातरते आणि भाराच्या रेषा जशा वळतील तसे पट्टे कोपऱ्यांपासून किरणांसारखे मांडता येतात. तथापि सपाट तुकड्यांच्या वाकड्या कडा जोडून गोलावा आणायचा, हे मूळ तत्त्व संगणकानेही बदललेले नाही. जे हाताला कळत होते ते आकड्यांत उतरले, एवढेच.

मात्र आकड्यांत उतरले ते युरोप-अमेरिकेतील क्रीडानौकांचे ज्ञान. कोकणच्या किनाऱ्यावर त्याच सुमारास मच्छीमारी नावांना यंत्रे बसू लागली आणि काही दशकांत शिडे उतरली. यात खंत करण्याजोगे काही नाही. यंत्राने कोळ्याचा जीव वाचला आणि पोटही भरले. परंतु शिडाबरोबर त्याच्या बेतणीचे ज्ञानही उतरले, आणि ते कोठे ठेवावे याची तजवीज झाली नाही. नौकेचे लाकूड टिकते, नांगर टिकतो, तोफ टिकते. कापड टिकत नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या पायथ्याशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, त्यात गुराबा व गलबते तर गेलीच. त्यांची शिडे कोणत्या पन्ह्याची, किती पट्ट्यांची होती हे दाखविणारे वस्त्रही उरले नाही. इंग्रजांनी १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईतील ‘व्हिक्टरी’ या जहाजाचे एक शीड जपून ठेवले आहे. गोळ्यांनी त्याला नव्वदच्या आसपास भोके पडली आहेत. पण त्याचे पट्टे, शिवणी आणि काठाचे दोर आजही मोजता येतात. एका जुन्या फाटक्या कापडापासून एका राष्ट्राला आपल्या कारागिरांचा हात वाचता येतो, हे त्या शिडाचे मोल आहे.

आपल्याकडे वस्त्र उरले नाही, तरी चित्र उरले आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे आणि उंच चौकोनी शिडांचे एक जहाज रंगविलेले आहे. पाचव्या शतकातील या जहाजाच्या चित्रावरून भारतीय नौदल, केंद्रीय संस्कृती मंत्रालय आणि गोव्यातील एक नौकाबांधणी संस्था यांनी मिळून एक जहाज बांधले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या बांधणीस आरंभ झाला. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. या जहाजाला यंत्र नाही. आहेत ती चौकोनी शिडे आणि सुकाणूची वल्ही. चित्रावरून आकार कळतो. पण कापडाचे पट्टे कसे जोडले, कोपऱ्यांना बळ कसे दिले, वारा वाढला की शीड कसे आखडले, हे चित्र सांगत नाही. ते सगळे नव्याने आखून, पारखून, समुद्रावर नेऊन शिकावे लागले. विसरलेली विद्या परत मिळविण्याचा खर्च किती असतो, याचा हा धडा आहे.

ही विद्या पुन्हा रुजू शकते याचीही साक्ष गोव्याच्या किनाऱ्याने दिली आहे. तेथे बांधलेली ‘म्हादेई’ ही छप्पन फुटी शीडनौका घेऊन कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती पुरी केली. त्यानंतर ‘तारिणी’ या गोव्यातच बांधलेल्या नौकेतून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दोन महिला अधिकाऱ्यांनी प्रदक्षिणा केली. भर समुद्रात शीड फाटले तर तेथे कारागीर येत नाही. सुई, मेणाचा दोरा आणि तळहाताचा पट्टा घेऊन खलाश्यालाच बसावे लागते. धागा कोणत्या दिशेने जातो आणि ठिगळाची कड कोठे यावी, हे तेव्हा पाठ असावे लागते.

किनाऱ्यावरच्या काही घरांतून आजही असे वृद्ध असतील, ज्यांच्या हातांनी तरुणपणी शिडे शिवली किंवा निदान वडिलांना शिवताना पाहिले. त्यांच्या तोंडून पट्ट्यांची दिशा, चढावाची बोटे, दोर शिवण्याची रीत आणि प्रत्येक भागाचे मूळ मराठी नाव टिपून घेणे हे काम फार खर्चाचे नाही. एक नोंदवही, एक मोजपट्टी आणि थोडी चिकाटी एवढे त्याला पुरे. बगरूच्या छीपांचे ठसे आणि रंग टिकले, कारण त्यांच्या कापडाला गिऱ्हाईक टिकले. शिडाचे गिऱ्हाईक गेले. म्हणून त्याची विद्या केवळ बाजाराच्या भरवशावर सोडून चालणार नाही. ती लिहून ठेवावी लागेल. वाळूवरची आखणी भरतीने पुसली जाते. कागदावरची आखणी पुढच्या पिढीला कातर हाती घेण्यापुरता आधार देते.